समुद्रापासून दूर राहणाऱ्याचे लॉगबुक

समुद्राकाठी राहून आठवड्यातून दोनदा पाण्यात उतरणाऱ्या माणसाला आपल्या वेट बेल्टमध्ये, म्हणजे तरंगून वर न येण्यासाठी कमरेला बांधायच्या पट्ट्यात, किती शिसे लागते हे वहीत पाहावे लागत नाही. ते त्याच्या अंगवळणी पडलेले असते. सोलापुरात राहून स्कूबा डायव्हिंग करणाऱ्याला ती सोय नाही. येथून मालवण किंवा मुरुडेश्वर गाठायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास, त्यासाठी जोडून आलेल्या सुट्ट्या हव्यात, आणि पावसाळ्याचे महिने किनाऱ्यावरची केंद्रे बंदच असतात. दोन डाइव्हच्या मध्ये सहज आठ-दहा महिने निघून जातात आणि तेवढ्या काळात सूट कितव्या मापाचा घेतला होता इथपासून हवा किती वेळ पुरली होती इथपर्यंत सगळे धूसर होते. म्हणून डाइव्हची नोंद ठेवण्याची खरी गरज आमच्यासारख्या दूरच्यांना आहे, असे माझे मत आहे. नोंद वहीत ठेवावी की सॉफ्टवेअरमध्ये, या प्रश्नाकडेही मी त्याच बाजूने पाहते. पुढच्या हंगामात बोटीच्या काठावर बसल्यावर मला नेमके काय माहीत असावे लागेल आणि ते कोणत्या नोंदीत सापडेल, एवढेच मला विचारायचे असते.

प्रशिक्षणाच्या वेळी हातात मिळणाऱ्या छापील लॉगबुकात तारीख, ठिकाण, कमाल खोली, पाण्याखालचा वेळ, सुरुवातीचा आणि शेवटचा हवेचा दाब, सूटची जाडी, वजने, दृश्यमानता असे रकाने असतात आणि तळाशी इन्स्ट्रक्टरची किंवा बडीची (सोबत उतरणाऱ्या जोडीदाराची) सही व केंद्राचा शिक्का यांसाठी जागा असते. ही सही नुसता उपचार नव्हे. अनोळखी केंद्रावर गेल्यावर तुमच्या कार्डावरून तुम्ही कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला ते कळते, पण शेवटची डाइव्ह कधी, कोठे आणि किती खोल झाली ते वहीवरूनच कळते, आणि मध्ये फार काळ गेला असेल तर तेथील माणसे आधी उथळ पाण्यात उजळणी करून घेतात. पुढचे अभ्यासक्रम तर नोंदींच्या संख्येवरच उभे आहेत. पॅडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेचा डाइव्हमास्टर अभ्यासक्रम सुरू करायला ४० नोंदलेल्या डाइव्ह लागतात आणि पूर्ण करायला ६०. आता काही संस्थांच्या अॅपमध्ये क्यूआर कोडवरून डाइव्हला दुजोरा देण्याची सोय झाली आहे, त्यामुळे सहीसाठी वहीच हवी हा जुना युक्तिवाद पूर्वीइतका भक्कम राहिलेला नाही. तरीही बोटीवर, ओल्या हातांनी, मोबाइल पिशवीच्या तळाशी असताना वही पुढे करणे सोपे पडते, हे मान्य करावे लागते.

वहीसाठी शिसपेन्सिल वापरावी. जेल पेनाची शाई एका थेंबाने पसरते, पेन्सिलीचे अक्षर ओल्या कागदावरही टिकते. पाण्याखाली प्लॅस्टिकच्या पाटीवर लिहायलाही पेन्सिलच चालते.

आता डाइव्ह कॉम्प्युटर काय नोंदवतो ते पाहू. मनगटावरचे हे यंत्र खोली मोजत नाही; ते पाण्याचा दाब मोजते आणि पाण्याची घनता गृहीत धरून त्या दाबाचे मीटर करते. म्हणूनच समुद्रासाठी ठेवलेल्या यंत्राने गोड्या पाण्यात दाखवलेला आकडा खऱ्या खोलीपेक्षा थोडा कमी असतो. दर काही सेकंदांनी ते दाब आणि तापमान टिपून ठेवते, त्यातून संपूर्ण डाइव्हचा आलेख तयार होतो. किती वेगाने खाली गेलो, कोठे रेंगाळलो, वर येताना मिनिटाला नऊ मीटरची मर्यादा पाळली का, सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटे खरोखर थांबलो का, हे सारे त्या रेषेत दिसते. हाताने लिहिलेल्या कोणत्याही वहीत हे येणे शक्य नाही. वहीत आपण ‘तीन मिनिटे थांबलो’ असे लिहितो. आलेखात ती तीन मिनिटे साडेतीन मीटर ते सात मीटर अशी वरखाली होताना दिसतात.

पण याच यंत्राला पुष्कळ काही ठाऊक नसते. सिलिंडरला हवेचा दाब कळवणारा ट्रान्समीटर जोडलेला नसेल, आणि साध्या यंत्रांना तो नसतोच, तर हवेचा दाब त्याला माहीत नसतो. कमरेला किती किलो शिसे होते, सूट तीन मिलिमीटरचा होता की पाचचा, सिलिंडर अॅल्युमिनियमचा होता की पोलादाचा, थंडी वाजली का, प्रवाह होता का, बडी कोण होता, यांपैकी काहीही त्याला कळत नाही. तापमानही ते कवचाच्या आतल्या संवेदकाने मोजत असल्याने पाण्यातल्या बदलामागून रेंगाळत येते.

या दोन अपुऱ्या नोंदी एकत्र आल्याशिवाय डायव्हरला सर्वांत उपयोगी पडणारा आकडा मिळत नाही. तो आकडा म्हणजे पृष्ठभागावरच्या दाबाच्या हिशेबाने आपण मिनिटाला किती लिटर हवा वापरतो. उदाहरण घेऊ. आपल्याकडच्या केंद्रांवर सर्रास दिसणारा अॅल्युमिनियमचा सिलिंडर ११.१ लिटर पाण्याच्या मापाचा असतो. २०० बारने (बार हे दाबाचे एकक) सुरुवात केली आणि ७० बारवर बाहेर आलो, म्हणजे १३० बार वापरले. १३० गुणिले ११.१ म्हणजे १४४३ लिटर. डाइव्ह ४५ मिनिटांची. सरासरी खोली १० मीटर असेल तर तेथील एकूण दाब २ बार, एक पृष्ठभागावरच्या हवेचा आणि एक दहा मीटर पाण्याचा. १४४३ ला ४५ गुणिले २, म्हणजे ९० ने भागले की उत्तर येते मिनिटाला सुमारे १६ लिटर. यातला हवेचा दाब वहीतून येतो, कारण तो गेजवर पाहून मी लिहिलेला असतो, आणि सरासरी खोली येते यंत्रातून, कारण ती कोणालाही अंदाजाने सांगता येत नाही.

फक्त वही ठेवणारे येथे फसतात. त्यांच्याकडे कमाल खोलीच असते. समजा ती १४ मीटर होती. तेथील दाब २.४ बार धरून तोच भागाकार केला तर उत्तर १३.४ लिटर येते. हा आकडा मनाला सुखावतो, पण खोटा असतो. त्याच्या भरवशावर पुढे २५ मीटरची डाइव्ह आखली, म्हणजे साडेतीन बारला हवा वापरायची ठरवली आणि ५० बार राखीव ठेवले, तर १६६५ लिटर हवा ३५ मिनिटे पुरेल असे वाटते. खऱ्या १६ लिटरच्या हिशेबाने ती ३० मिनिटेही पुरत नाही. वर येताना लागणारी हवा तर मी येथे धरलेलीच नाही. पंचवीस मीटरवर पाच मिनिटांचा फरक हा किरकोळ फरक नव्हे. फक्त सॉफ्टवेअर वापरणाऱ्याची अडचण उलटी असते. आलेख आपोआप उतरतो, स्क्रीनवर रंगीत रेषा झळकते, नोंद पूर्ण झाल्याचे समाधान मिळते आणि दाबाचे दोन रकाने मात्र तसेच रिकामे राहतात. दोन महिन्यांनी ते आठवून भरणे म्हणजे हिशेब जुळवण्यासाठी आकडा बसवणे.

मी व्यवसायाने हिशेबाच्या कामात आहे, टॉवेल बनवणाऱ्या एका कारखान्याचे जमाखर्च पाहते, त्यामुळे ही दोन साधने मला रोजकीर्द आणि खतावणीसारखी वाटतात. रोजकीर्दीत व्यवहार घडला तसा, त्याच दिवशी, त्याच क्रमाने लिहायचा. खतावणीत तो खात्यावार लावायचा, म्हणजे हव्या त्या खात्याची बाकी एका दृष्टिक्षेपात दिसते. वही ही रोजकीर्द. ‘अॅल्युमिनियमच्या सिलिंडरवर, तीन मिलिमीटरच्या सूटमध्ये मी आजवर किती शिसे वापरले’ हा खतावणीचा प्रश्न आहे आणि पानांवर बोट ठेवत तो सोडवणे कंटाळवाणे काम आहे. सॉफ्टवेअर तो क्षणात सोडवते, पण रोजकीर्द लिहिलेली असेल तरच. आमच्या कारखान्यात सारे हिशेब टॅलीत असूनही लक्ष्मीपूजनाला लाल बांधणीची चोपडीच पुजली जाते. लॉगबुकाची तशी नुसती पूजा होऊ नये, एवढीच माझी अपेक्षा.

शिशाचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण मोठ्या खंडानंतर पाण्यात उतरणाऱ्याची पहिली फजिती येथेच होते. सोलापुरात सराव करायचा तर तो जलतरण तलावात, गोड्या पाण्यात. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच ते तीन टक्के जड असते, म्हणून माणूस आणि साहित्य मिळून शंभर किलोच्या आसपास भार असेल तर तलावात जमलेल्या वजनात समुद्रासाठी अडीच-तीन किलोंची भर घालावी लागते. त्यात अॅल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा होत जातो तसा हलका होतो. हवेलाही वजन असते. अशा सिलिंडरमधील हवा ५० बारपर्यंत वापरली की तो सुमारे दोन किलोंनी हलका झालेला असतो आणि तळाकडून वर उचलला जाऊ लागतो. म्हणून वजन बरोबर होते की नाही हे डाइव्हच्या सुरुवातीला कळत नाही, शेवटी पाच मीटरवर थांबताना कळते. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देते: ‘मालवण. अॅल्यु. सिलिंडर, ३ मिमी सूट, शिसे ६ किलो. ७० बारला ५ मीटरवर पाय वर जात होते, खडकाला धरून थांबले. पुढच्या वेळी ७ किलो, त्यातला १ किलो सिलिंडरच्या पट्ट्यावर.’ या नोंदीतले शेवटचे वाक्य कोणत्याही सॉफ्टवेअरच्या तयार रकान्यात बसत नाही. टिपणाच्या मोकळ्या चौकटीत ते लिहिता येते हे खरे, पण मोबाइलच्या कीबोर्डवर माणूस ‘छान डाइव्ह’ एवढेच लिहून थांबतो. अॅपमधल्या टिपणांत ‘छान डाइव्ह’, ‘मस्त’ आणि एखादे माशाचे चित्र याखेरीज फारसे काही नसते, असा माझा बडी मंडळींबाबतचा अनुभव आहे.

सोलापूरकरांसाठी आणखी एक रकाना महत्त्वाचा आहे. तो म्हणजे पाण्याबाहेर आल्याची वेळ. समुद्रसपाटीला डाइव्ह करून आपण परत निघतो ते घाट चढून देशावर. सोलापूर स्वतः साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि आंबोलीमार्गे यायचे तर वाटेत सुमारे ६९० मीटर उंची गाठावी लागते. डाइव्हमध्ये शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि तो पडत असतानाच हवेचा दाब कमी झाला तर बुडबुडे होण्याचा धोका वाढतो. विमानप्रवासाबाबत डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची मार्गदर्शक सूचना आहे: डीकम्प्रेशन, म्हणजे वर येताना टप्प्याटप्प्याने सक्तीने थांबणे, न लागलेली एकच डाइव्ह असेल तर किमान १२ तास, एकाच दिवसात अनेक किंवा लागोपाठच्या दिवसांत डाइव्ह झाल्या असतील तर किमान १८ तास थांबावे. ही सूचना केबिनमधला दाब सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीइतका असेल तेव्हासाठी आहे. म्हणजे आंबोलीचा माथा त्या पट्ट्याच्या तळाशी का होईना, पण आत येतो. दुपारी दोन डाइव्ह आटोपून, सायंकाळी मासे खाऊन, रात्रीच गाडी घाटाला लावण्याची आपल्याकडची सवय मला म्हणूनच पटत नाही. मी वहीत बाहेर आल्याची वेळ वेगळी लिहिते आणि तिच्यासमोर घाट कधी चढायचा तेही लिहून ठेवते. यंत्रावर ‘उड्डाण वर्ज्य’ असा उलटा मोजला जाणारा वेळ दिसतो, पण गाडी चालवणाऱ्याला तो दाखवून पटवण्यापेक्षा वहीतले दोन ठळक आकडे दाखवणे मला सोपे गेले आहे.

सॉफ्टवेअर कोणते घ्यावे, असे मला विचारले जाते. बहुतेक डाइव्ह कॉम्प्युटरांचे उत्पादक आपापले अॅप देतात आणि सुरुवातीला ते पुरेसे असते. अडचण यंत्र बदलल्यावर येते, कारण एका कंपनीच्या अॅपमधल्या नोंदी दुसऱ्या कंपनीच्या अॅपमध्ये सरळ जातीलच असे नाही. कंपनी स्वतःची सेवा बदलते तेव्हाही हीच वेळ येते. सुंटो कंपनीची मूव्हजकाउंट ही सेवा बंद होऊन वापरकर्त्यांना नव्या अॅपकडे जावे लागले, हे त्याचे ठळक उदाहरण. नोंदी दहा-वीस वर्षे टिकाव्यात अशी इच्छा असेल तर त्या उघड स्वरूपात बाहेर काढता आल्या पाहिजेत, ही माझी पहिली अट असते. डाइव्हच्या नोंदींसाठी यूडीडीएफ नावाचे एक खुले स्वरूप आहे. ते एक्सएमएलवर आधारलेले असल्याने वेळ पडली तर साध्या मजकूर-संपादकातही उघडून वाचता येते. अॅपमध्ये हे स्वरूप मिळत नसेल तर निदान सीएसव्ही, म्हणजे स्प्रेडशीटमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल, तरी मिळावे.

मी स्वतः सबसरफेस वापरते. लिनक्स ही संगणकप्रणाली आणि गिट हे फाइलींमधल्या बदलांचा माग ठेवणारे साधन या दोन्हींचा जनक लिनस टोरवाल्ड्स याने ते २०११ मध्ये सुरू केले. त्या वर्षी लिनक्सच्या कर्नेलचे, म्हणजे गाभ्याचे, काम काही काळ थांबले होते आणि त्या सक्तीच्या रिकामपणात हा कार्यक्रम लिहिला गेला. तो स्वतः डायव्हर आहे हे त्यातल्या बारकाव्यांवरून लक्षात येते. पुढे डर्क होंडेल यांनी त्याची धुरा सांभाळली. सबसरफेस मोफत आहे, मुक्त परवान्याखाली आहे, विंडोज, मॅक, लिनक्स आणि मोबाइल या सर्वांवर चालते, वेगवेगळ्या कंपन्यांच्या पुष्कळ यंत्रांमधून नोंदी उतरवून घेते आणि त्याच्या क्लाउडमधली साठवण गिटवर आधारलेली असल्याने नोंदीत केलेल्या बदलांचा माग राहतो. हिशेबाचे काम करणाऱ्याला ही शेवटची गोष्ट विशेष आवडते. खाडाखोड केली तरी मूळ आकडा कोठे जात नाही. दाबाचे आकडे भरले की वर केलेला भागाकार ते आपणहून करते. छायाचित्राच्या वेळेवरून ते चित्र आलेखावर नेमक्या जागी बसवते, म्हणजे तो ऑक्टोपस किती मीटरवर दिसला होता याचा वाद मिटतो. अर्थात कॅमेऱ्याचे आणि यंत्राचे घड्याळ जुळलेले असेल तर.

या घड्याळाने सॉफ्टवेअरवाल्यांना बराच त्रास दिला आहे. काही यंत्रांत बॅटरी बदलली की तारीख मूळपदावर जाते. आमच्याकडे यंत्र आठ-दहा महिने कपाटात पडून असल्याने बॅटरी बदलण्याची वेळ नेमकी निघण्याच्या आदल्या दिवशी येते आणि तारीख तशीच राहिली तर ताज्या डाइव्ह यादीत सर्वांत जुन्या होऊन बसतात. दुसरा घोळ असा, की मालवणच्या गढूळ पाण्यात बोट कोणत्या दिशेला आहे ते पाहायला क्षणभर वर यावे लागते आणि वर काही मिनिटे गेली तर यंत्र एकाच डाइव्हच्या दोन डाइव्ह करते. सबसरफेसमध्ये त्या जोडता येतात, पण कोणत्या जोडायच्या हे ठरवायला वहीतले पान समोर लागते. वहीत त्या दिवशी दोनच डाइव्ह झालेल्या असतात आणि तारीखही खरी असते.

वहीच्या बाजूचे दोष सांगायला फार शब्द लागत नाहीत. ती एकच असते, हरवली की गेली. यावर उपाय म्हणजे घरी परतल्यावर पानाचे मोबाइलने छायाचित्र काढून ते त्या डाइव्हच्या नोंदीला जोडणे.

मालवणला पर्यटकांसाठी जी पहिली डाइव्ह करवतात, ज्यात इन्स्ट्रक्टर पाठीशी धरून नेतो, तिच्याबद्दलही येथे लिहिले पाहिजे. सोलापुरातले बरेच जण ती करून येतात आणि सोबत व्हिडिओ आणतात. व्हिडिओ जपून ठेवावा, पण त्यातून पुढच्या वेळेसाठी काहीही हाती लागत नाही. कान दुखले का, कोणत्या खोलीवर दुखले, कोणत्या बाजूचा, तोंडाने श्वास घ्यायला जमायला किती वेळ लागला, एवढे साध्या वहीच्या पानावर त्याच सायंकाळी लिहिले तर पुढे अभ्यासक्रमाला जाताना त्याचा थेट उपयोग होतो. येथे सॉफ्टवेअरची काही गरज नाही. अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत वहीच ठेवावी, असे मी नव्यांना सांगते. तोपर्यंतचे यंत्र बहुधा केंद्राचे, भाड्याचे असते आणि त्यातला आलेख उतरवून घेण्याची सोय नेहमी मिळतेच असे नाही.

स्वतःचे यंत्र घेतल्यावर मात्र दोन्ही ठेवावे, पण एकच आकडा दोन ठिकाणी हाताने लिहू नये. माझी पद्धत अशी आहे की यंत्र जे मोजते ते मी वहीत लिहीतच नाही; अपवाद फक्त कमाल खोलीचा आणि बाहेर आल्याच्या वेळेचा, कारण सही करणाऱ्याला पहिला आकडा लागतो आणि घाटासाठी दुसरा. बाकी वहीत दाब, शिसे, सूट, सिलिंडर, प्रवाह, कान, थंडी आणि पुढच्या वेळी काय बदलायचे तेवढेच. हे बोट किनाऱ्याला लागण्यापूर्वी लिहून होते. सॉफ्टवेअरमध्ये भरण्याचे काम सोलापुरात परतल्यावर, ओले साहित्य गच्चीवर सावलीत वाळत असताना. आमच्याकडच्या उन्हात रबर थेट ठेवले तर ते लवकर कडक होते. आधी आलेख उतरवायचा, मग यंत्राचे घड्याळ वहीशी ताडून पाहायचे, मग दाबाचे आणि शिशाचे आकडे भरायचे, शेवटी संपूर्ण यादीची यूडीडीएफ प्रत काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायची. पुढच्या सहलीचे दिवस ठरले की त्याच सूट-सिलिंडरच्या मागच्या डाइव्ह निवडून त्यांचा कागदी छाप काढते आणि तो वहीच्या कव्हरमध्ये सरकवते, म्हणजे केंद्रावर साहित्य घेताना किती किलो मागायचे ते मोबाइल न काढता सांगता येते.